इंजिनाचे थंड पाणी व त्याचा दाब : दोष कसा शोधावा

उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाने करमाळा किंवा माढा तालुक्यात फिरल्यास पाण्याच्या कडेला पंपांची रांगच रांग दिसते. त्यांपैकी बहुतेक पंप आज विजेवर चालतात. तरीही जेथे वीजजोड मिळालेला नाही, जेथे वीज रात्रीच्या पाळीत येते, किंवा जेथे उन्हाळ्यात ओसरणाऱ्या पाण्याच्या मागे मागे पंप खाली न्यावा लागतो, तेथे ऑईल इंजिनास अद्याप पर्याय नाही. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स हा कारखाना स्थापन झाला, आणि पुढील काळात विहिरीच्या काठावर मोटेची जागा इंजिनाने घेतली. आज मोट गेली व इंजिनही पुष्कळसे मागे पडले; परंतु ज्याच्याकडे ते आहे त्याचे पीक ऐन एप्रिल-मे महिन्यांत त्याच्यावरच अवलंबून असते. याच फुगवट्यात माणसांची ने-आण करणाऱ्या व मासेमारीच्या यांत्रिक होड्याही चालतात. काठावरचे पाण्याने थंड होणारे इंजिन आणि होडीतील तसलेच इंजिन यांचे दुखणे बरेचसे एक आहे. ते दुखणे म्हणजे थंड पाण्याचा दाब घटणे व त्यामुळे इंजिन तापणे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांचा विचार या लेखात केलेला नाही.

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा फार तर तिसरा हिस्सा कामी येतो. जवळपास तेवढीच उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून व हेडमधून पाण्यात उतरते आणि बाकीची धुराबरोबर निघून जाते. म्हणजे पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराने चालत असेल, तर साधारण पाच अश्वशक्तीइतकीच उष्णता पाण्याने वाहून नेली पाहिजे. आत जाणारे पाणी २५ ते ३० अंश सेल्सिअसने तापून बाहेर पडावे असे धरले, तर हिशेबाने दर अश्वशक्तीस ताशी २० ते २५ लिटर पाणी लागते. पाच अश्वशक्तीच्या इंजिनास हे प्रमाण मिनिटाला दोन लिटरच्या आसपास येते. यावरून एक सोपी कसोटी निघते. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी दहा लिटरच्या बादलीत धरावे. बादली पाच मिनिटांत भरत असेल तर पाणी बेताचे पण पुरेसे आहे. दहा मिनिटे लागत असतील तर इंजिन धोक्यात आहे. दहा अश्वशक्तीच्या इंजिनास बादली अडीच मिनिटांत भरली पाहिजे.

बाहेर पडणाऱ्या पाण्याची उष्णता ५० ते ६० अंशांच्या दरम्यान असावी. हे मोजण्यास साधा उष्णतामापक पुरतो व त्याची किंमत फार नसते. काही शेतकरी पाणी जितके गार तितके इंजिन सुखी असे समजून कॉक पूर्ण उघडा ठेवतात. ही समजूत बरोबर नाही. इंजिन फार गार राहिले तर डिझेल नीट जळत नाही, न जळलेले तेल सिलिंडरच्या भिंतीवरून वंगणात उतरते व ते पातळ होते, आणि लायनर लवकर झिजतो. उलटपक्षी पाणी ६० अंशांच्या पुष्कळ वर गेले की त्यातील क्षार भिंतीवर बसू लागतात.

दाब आणि प्रवाह

दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात न घेतल्याने निम्म्या दुरुस्त्या चुकतात. पाणी खेळवण्याची जी पद्धत आपल्याकडे नदीकाठी आढळते तीत पंपाच्या डिलिव्हरी पाईपाला एक बारीक नळी जोडलेली असते. तिच्यावर कॉक असतो. तेथून पाणी सिलिंडरभोवतालच्या कप्प्यात, म्हणजे जॅकेटमध्ये, खालच्या बाजूने शिरते, वर चढून हेडमधून जाते व वरच्या नळीने उघड्यावर पडते. कॉक व जॅकेट यांच्या मध्ये दाबमापक बसवला आहे असे समजा. मापक जास्त दाब दाखवतो, पण बाहेर पाणी थोडे पडते, तर अडथळा मापकाच्या पुढे आहे. म्हणजे जॅकेटमध्ये गाळ वा क्षार साचला आहे, हेडमधील वाटा बुजल्या आहेत, किंवा बाहेरची नळी कोठे दबली आहे. मापक कमी दाब दाखवतो आणि बाहेरही पाणी थोडे पडते, तर अडथळा मापकाच्या मागे, म्हणजे कॉक, बारीक नळी किंवा पंप यांत आहे. दाब कमी पण पाणी भरपूर, ही निरोगी इंजिनाची खूण होय. नुसता मापकाचा काटा पाहून घाबरणारे आणि काटा वर आहे म्हणून निश्चिंत राहणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारच्यांचे नुकसान अधिक झाले.

मापक नसेल तर काम अडत नाही. इंजिन बंद असताना जॅकेटच्या तोंडाशी नळीचा सांधा सोडवावा, नळीचे तोंड इंजिनाबाहेर वळवावे आणि एक-दोन मिनिटांपुरता पंप चालवून पाहावे. नळीतून जोराने पाणी उडाले तर दोष इंजिनात आहे. नुसते ठिबकले तर दोष अलीकडे आहे. दाब थोडका असेल तेथे सांध्यापाशी दोन-तीन मीटर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी उभी बांधावी. तिच्यात पाणी जितके वर चढेल तितका दाब. दहा मीटर चढ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम, हे प्रमाण लक्षात ठेवावे.

पंप भरपूर पाणी फेकतो, तरी इंजिन तापते

करमाळा तालुक्यातील एका शेतकऱ्याचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. त्यांची दोन एकर केळी नदीकाठच्या चढावर होती व दहा अश्वशक्तीचे इंजिन सुमारे अठरा मीटर उंचीवर पाणी चढवीत असे. चार वर्षांत इंजिनाने कुरकूर केली नाही. पुढे एका एप्रिलात पाणी दूर गेले. त्यांनी इंजिन खाली पाण्याच्या कडेला नेले, जवळच एक खड्डा खोदून त्यात पाणी टाकले, आणि तेथून विजेच्या मोटारीने वर नेण्याची सोय केली. त्या दिवसापासून इंजिन तासाभरात तापू लागले. मिस्त्रीने हेडचे गॅस्केट बदलले. आठ दिवसांनी पुन्हा बदलले. इकडे केळीची पाने कडेने करपू लागली होती व घड निसवण्याच्या बेतात होते. मी गेलो तेव्हा ते वैतागून म्हणाले, “साहेब, पंप तर पहिल्यापेक्षा जास्त पाणी फेकतोय, मग इंजिनाला पाणी कमी कसं?”

प्रश्नातच उत्तर होते. पूर्वी डिलिव्हरी पाईपात अठरा मीटर पाण्याचा स्तंभ उभा असे आणि त्याचा जवळपास पावणेदोन किलोग्रॅम दाब बारीक नळीत पाणी रेटीत असे. आता पाणी जेमतेम दोन मीटर चढून खड्ड्यात पडत होते. मोठी वाट मोकळी असल्यावर पाणी बारीक वाटेने कशाला जाईल? इंजिनाच्या बाहेरच्या नळीतून करंगळीएवढी धारही पडत नव्हती. शिवाय आणखी एक गोष्ट घडत होती. आपल्याकडील सर्वसाधारण सेंट्रीफ्युगल पंपास चढ कमी पडला की तो जास्त पाणी फेकतो व त्यासाठी इंजिनाकडून जास्त शक्ती ओढतो. म्हणजे इंजिनावर भार वाढला, उष्णता वाढली, आणि ती नेणारे पाणी मात्र घटले. डिलिव्हरी पाईपावरचा व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळीत नेला, तेव्हा बाहेरच्या नळीची धार जाड झाली, इंजिनाचा आवाज हलका झाला आणि धुराचा काळेपणाही गेला. खर्च काहीच आला नाही. बदललेल्या दोन गॅस्केटांचे पैसे मात्र परत येणार नव्हते.

याच्या उलट प्रकार लांब पाईपलाईनवर होतो. तीस मीटर चढ असेल तर तीन किलोग्रॅमचा दाब थेट जॅकेटवर येतो, व त्याने सांधे आणि गॅस्केट पाझरू लागतात. अशा ठिकाणी आत जाणाऱ्या वाटेवरचा कॉक आवळून पाणी बेताचे करावे. बाहेर पडणाऱ्या वाटेवर मात्र कॉक कधीही बसवू नये. पाणी वाया जाते म्हणून बाहेरची नळी आवळणारे शेतकरी आढळतात. आवळावयाचे ते आतल्या बाजूस, बाहेरची वाट सदैव मोकळी, हा नियम सर्व इंजिनांस लागू आहे. ते पाणी फुकट घालवावयाचे नसेल तर नळी लांबवून सारणीत सोडावी. पिकास त्याचा अपाय होत नाही.

पंपाच्या मागील बाजूचे दोष

पंप स्वतःच उपाशी असेल तर इंजिनास पाणी कोठून मिळणार? हवेचा दाब पाण्याला ढकलून पंपात आणतो. समुद्रकाठी हा दाब पाण्यास सुमारे दहा मीटरपर्यंत उचलतो. उजनीचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच असल्याने येथे हा हिशेब पावणेदहा मीटरच्या आसपास येतो, व प्रत्यक्षात पाच-सहा मीटरपेक्षा जास्त खोलीवरून पाणी ओढण्याची अपेक्षा ठेवू नये. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट, पैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यासारख्या वर्षी पाणी मृतसाठ्यात खोलवर उतरते व काठ मागे मागे जातो. शेतकरी सक्शन पाईपाला तुकडे जोडीत राहतो आणि पंप जागचा हलवीत नाही. चढ वाढतो, सांधे वाढतात, सांध्यांतून हवा शिरते. पिकाकडे जाणारी धार थोडी बारीक झाली तर ती नजरेस येत नाही; इंजिनाकडे जाणारी बारीक धार मात्र आधी तुटते. म्हणून पाणी खाली गेल्यावर आधी पंप खाली न्यावा, मग पाईप वाढवावा.

हवा कोठून शिरते हे शोधण्यास सांध्यांवर साबणाचा दाट फेस लावावा. जेथे फेस आत ओढला जाईल तेथे गळती आहे. पंपाच्या शाफ्टभोवतालची ग्लँडची दोरी सुकली असेल तर तिच्यातूनही हवा जाते. पंप चालू असताना तेथून थेंब थेंब पाणी गळत राहिले पाहिजे. फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपल्या भागात फुटबॉल म्हणतात, तो पाणी धरतो की नाही हे पंप भरून ठेवल्यावर कळते. नरसाळ्यातील पातळी खाली उतरू लागली तर त्याच्या झडपेखाली कचरा अडकला आहे किंवा चामडे वा रबर झिजले आहे. उजनीत जलपर्णी पुष्कळ माजते, पाणी उन्हाळ्यात हिरवे होते, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तर सर्वत्र आहेत. एक पिशवी जाळीवर बसली की पंप गुदमरतो, व पंप बंद केल्यावर ती आपोआप सुटून वाहून जाते. त्यामुळे तपासावयास गेलेल्यास काहीच सापडत नाही. असा लपंडाव चालला असेल तर फूट व्हॉल्व्हभोवती वेताची किंवा तारेची मोठी टोपली बांधावी.

जॅकेटमधील क्षार व गाळ

विहिरीचे पाणी वापरणाऱ्या इंजिनांत क्षारांचा त्रास अधिक. सोलापूर जिल्ह्यात पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. ते तापले की पांढरा कठीण थर भिंतीवर बसतो, आणि हा थर लोखंडाच्या मानाने उष्णता फारच थोडी जाऊ देतो. येथे फसगत अशी होते की पाण्याचा प्रवाह पुरेसा दिसतो, बाहेर पडणारे पाणी फारसे तापलेले नसते, आणि तरीही सिलिंडर आतून भाजत असतो. इंजिन भाराखाली दमते, वंगण लवकर काळे पडते, आणि बाहेरचे पाणी मात्र कोमट. असे झाल्यास हेडची बाजू उघडून थर पाहावा.

थर काढण्यास बाजारात मिळणारे लिंबूसत चांगले. वीस लिटर कोमट पाण्यात एक किलो लिंबूसत विरघळवून ते जॅकेटमध्ये भरावे, फेस येणे थांबेपर्यंत काही तास ठेवावे, मग स्वच्छ पाण्याने वारंवार धुवावे. थर जाड असेल तर पुन्हा करावे. काही मिस्त्री तेजाब वापरतात. त्याने काम लवकर होते, पण लोखंडही खाल्ले जाते व डोळ्यांस आणि हातांस इजा होते. अॅल्युमिनियमचे भाग असतील तर ते वापरूच नये. नदीच्या गाळाला लिंबूसत चालत नाही. त्यासाठी जॅकेटच्या तळाचे बूच काढून उलट्या दिशेने, म्हणजे वरून खाली, जोराचे पाणी सोडावे व तारेने ढवळावे.

बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसले तर ते दोन प्रकारचे असतात. पंपाने ओढलेली हवा अनियमित भसाभस येते. गॅस्केट फुटल्यामुळे येणारा वायू मात्र इंजिनाच्या ठोक्याबरोबर येतो, भार वाढवला की वाढतो, आणि पाण्यावर काजळीचा तवंग धरतो. हा वायू जॅकेटमध्ये दाब निर्माण करतो व येणाऱ्या पाण्यास मागे रेटतो. वंगणाची काडी बाहेर काढल्यावर तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर पाणी वंगणात उतरत आहे. तसे इंजिन एक मिनिटही चालवू नये.

होडीतील इंजिन

होडीत पाणी ओढण्याचा चढ नगण्य असतो, म्हणून तेथील लहान पंपाचा दाबही मुळात थोडा असतो. अशा पंपात बहुधा रबरी पात्यांचे चक्र असते. ते पाण्यावाचून मिनिटभर फिरले तरी भाजते व पाती तुटतात. होडी काठावर ओढलेली असताना इंजिन चालू करून पाहण्याची सवय म्हणूनच घातक आहे. चक्र बदलताना जुन्या चक्राची पाती मोजावीत. एक पाते कमी असेल तर त्याचा तुकडा पुढच्या नळीत नाहीतर वाकणात अडकलेला असतो, आणि तो न काढता नवे चक्र बसवले तर दोष जसाच्या तसा राहतो. होडीच्या तळाचे पाणी घेण्याचे भोक, त्यामागील कॉक व गाळणी यांत जलपर्णीची मुळे व जाळ्याचे नायलॉनचे धागे गुंततात. गाळणी दररोज सुटण्यापूर्वी पाहावी. पंप पट्ट्यावर चालत असेल तर पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. ओला व सैल पट्टा वेग वाढवला की घसरतो, त्यामुळे हळू चालताना सर्व ठीक व जोरात चालताना इंजिन गरम असा प्रकार होतो. बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार चालकास बसल्या जागेवरून दिसेल अशी असावी. धारेऐवजी वाफ दिसू लागली तर उशीर झालेला आहे.

२१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा माणसे दगावली. वाऱ्यावर आपला ताबा नाही. परंतु इंजिन चालू असलेली होडी तोंड वाऱ्याकडे ठेवू शकते किंवा काठ गाठू शकते. बंद पडलेली होडी लाटांना आडवी होते. म्हणून प्रवासी नेणाऱ्या होडीच्या बाबतीत गाळणी, पट्टा व रबरी चक्र यांची तपासणी ही इंजिनाच्या आयुष्यापुरती बाब राहत नाही. एक जादा चक्र, एक जादा पट्टा व ते बसवण्याचे पाने होडीतच असावेत, आणि प्रत्येक माणसाच्या अंगावर जीवनरक्षक जाकीट असावे.

इंजिन तापल्यावर काय करावे

काठावरचे इंजिन तापल्याचे ध्यानात येताच प्रथम भार कमी करावा. थोडे तरी पाणी खेळत असेल तर कमी वेगाने चार-पाच मिनिटे चालू ठेवून मग बंद करावे. पाणी अजिबात बंद असेल तर लगेच बंद करावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतण्याचा मोह आवरावा. ओतीव लोखंडाचे हेड त्याने तडकते, आणि तडकलेले हेड सांधून फारसे टिकत नाही. वरचे बूच किंवा नळीचा सांधाही लगेच सोडवू नये, कारण आतील वाफेने चेहरा भाजतो. अर्धा-पाऊण तास थांबावे. त्यानंतर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला तर पिस्टन धरलेला नाही. मग वंगणाची काडी पाहावी, आणि तेल बदललेले नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे नळीच्या सांध्यापासून शोधास आरंभ करावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मार्च महिन्यात, म्हणजे पाणी खाली जाण्यापूर्वी, आपापल्या गावांतील इंजिने बादली व घड्याळ घेऊन एकदा तपासावीत आणि प्रत्येकाची बादली किती मिनिटांत भरली ते इंजिनाच्या अंगावरच रंगाने लिहून ठेवावे. पुढे मे महिन्यात शेतकरी तक्रार घेऊन आला की पहिली तुलना त्या आकड्याशी करता येते.